रंग आता कुणी बघायचा?

प्रिय मधू,

तू गेल्यापासून डायरी उघडतो, तारीख टाकतो आणि उठतो. आज ती बाजूला ठेवून तुलाच लिहायला बसलो आहे. उद्या सकाळी हिराबाईंचं ऑपरेशन आहे आणि समोर तू नाहीस.

त्या अजून वाकूनच चालतात. गाठीसकट स्तन काढला, तिथे नवा उभार करायचा म्हणून पोटावरच्या कातडीची आपण नळी वळली. तिचं वरचं टोक मी छातीला शिवलं, खालचं तू पोटालाच ठेवलंस. छातीकडून रक्त पुरेसं येऊ लागलं की खालचं सोडवायचं, नळी उघडून पसरायची. घाई केली तर सगळं काळं पडणार. काम असं अधांतरी असताना तू उठून गेलास. हे काय वागणं झालं?

किती वर्षं आपण दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो! तू पोटाशी, मी छातीशी. तुझी अखंड बडबड आणि माझं "गप रे". भूल चढण्याआधी हिराबाईंनी ऐकलंच. "तुमी दोगं सासू-सुनंवानी भांडताय की! मला नीट शिवा म्हंजे झालं." तू म्हणालास, "सासू तो, बाई. मी गरीब सून." त्या हसत हसतच झोपल्या.

आपला एकच नियम होता. ज्यानं टोक शिवलं, त्यानं त्याचा रंग बघायचा नाही. पोटाकडून येणारं रक्त थांबवायला खालच्या टोकाला रबर आवळायचं, नळी बोटानं दाबून सोडायची, आणि पांढरी पडलेली जागा परत गुलाबी होते का, ते दुसऱ्यानं सांगायचं. "आपण लावलेलं आपल्याला गुलाबीच दिसतं रे," असं तू म्हणायचास. मग स्वतःचा कार्डिओग्राम स्वतःच का वाचलास? घडी करून खिशात घातलास आणि "गॅस आहे" म्हणालास! मला दाखवायला काय झालं होतं?

त्या दुपारी मला तुझ्या खोलीत बोलावलं. मी तुझं नख दाबलं, सोडलं. रंग परत आला असं मला वाटलं, मधू. खरंच वाटलं. मग सिस्टरना म्हणालो, "तुम्ही बघा." त्यांनी बघितलं, आणि माझा हात तुझ्या हातावरून काढून घेतला.

त्यानंतर मी बाहेर थांबलेले पेशंट तपासले. घरी जाऊन जेवलोसुद्धा. दाढ काढल्यावर गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं सगळं अंग वाटतं. दुःख आहे हे मला कळतं. ते लागत मात्र नाही. हे असं असतं का? की माझ्यातच काही कमी आहे?

हिराबाईंची नळी मी तपासली. गुलाबी दिसली. विश्वास बसला नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. पुन्हा तपासली, पुन्हा ढकललं. ही काळजी म्हणायची की भित्रेपणा? शेवटी पुण्याला ट्रंक कॉल लावून त्यांना तिकडे पाठवायची सोय विचारली. हे सांगितल्यावर त्या उसळल्याच.

"पुण्याला मी न्हाय जायची! ह्या वयात कशाला पायजे हिला, म्हणत्यात समदी. आता अशी वाकडी होऊन माळशिरसला घरी जाऊ व्हय? ते डाक्टर गेलं, लई वाईट झालं. पर मी हाय की अजून!"

तुझं मरण मी त्यांच्या पाठीवर ठेवलं होतं.

मग देशमुखांकडे गेलो. हो, तेच सर्जन, ज्यांना तू त्यांच्या घाईवरून 'एक्स्प्रेस' म्हणून चिडवायचास. ते आले, रबर आवळलं आणि खुर्ची ओढून बसले. हिराबाई म्हणाल्या, "ह्यास्नी झोप लागली का काय?" ते बसूनच राहिले. मग नळी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"मला रंग चांगला दिसतो. उद्या परत बघू आणि मगच सोडवू. पोटाशी मी उभा राहतो."

तुझ्या जागेबद्दल कुणी इतकं सहज बोलावं, याचा राग यायला हवा होता. आला नाही.

उद्या ते "थांबा" म्हणाले तर, माझ्या डोळ्यांना काहीही दिसो, मी थांबेन. आणि इतके दिवस न आलेलं रडू नेमकं टेबलाशी आलं, तर सुरी त्यांच्या हातात देऊन बाजूला होईन. हे त्यांना आजच सांगून ठेवलं आहे. माझ्यामुळे हिराबाईंचं काम अडणार नाही, मधू. शब्द देतो.

तुझा,
वसंत