किसनसाठी किल्ट

११ जुलै १९९८, पिंपळवंडी
किसनचा निरोप. पलटणीच्या बँडात तो ढोल, मी बॅगपाइप. उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. त्याच्या सुनेनं शेजारच्या फोनवर सांगितलं, "मामंजींना आता दिसत न्हाई, उठवत बी न्हाई. तुमी बाजा घिऊन या म्हणत्यात. घागरा घालून या म्हणत्यात."
घागरा म्हंजे किल्ट, पाइप वाजवताना नेसायचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख. गावाकडं सगळे तेच म्हणतात.
पाऊस हटत नाही.

१२ जुलै
पेटीतून किल्ट काढला. कसर लागलेली नाही. ही म्हणाली, "या पावसात उघड्या पायानं? रातभर छाती कशी वाजती, मला इचारा."
पिशवीत न्या, तिथं नेसा, हेही म्हणाली. पण त्याचं घर एका खोलीचं. आजारी माणूस, बायाबापड्या. तिथं कुठं नेसत बसू? घालूनच जायचं.
घोंगडी पांघरून पाहिली. पाणी पिऊन जड होते. काखेतली पाइपची पिशवी दाबता येत नाही, मग हवा... नकोच. मुलाचा रेनकोट पायघोळ. चालताना पायात येतो, आतून घाम.
लोकरीचा किल्ट भिजला तर संपलंच. चुण्या जातात, गुडघ्यामागं कातडी सोलते. पलटणीत भोगलंय.

१४ जुलै
हिनं ओतूरच्या बाजारातून मेणकापड आणलं, वरून पांघरायची केप शिवायला. मला उभं करून मापं घेतली. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, सैल, डाव्या हाताला फट. म्हणजे हात बाहेर काढता येईल, पाइपही आत राहील.
रात्रीपर्यंत शिवत होती, दोरा दातानं तटकन तोडायची. राग आहे. भीतीही.

१६ जुलै
काल गेलो. मंचर, घोडेगाव, पुढं डोंगराकडची गाडी. एसटीत एक म्हणाला, "बाबा, नाटकात काम करता का?" हसलो. थांब्यापासून चाल. पाय गारठून काळेनिळे, मोजे चिंब. वाऱ्यानं केप उडायची, ती धरूनच चाललो.
किसन कॉटवर. केवढा होता, केवढासा झालाय. केप काढली, जवळ बसलो. त्यानं चाचपून किल्ट धरला. चुण्या एकेक करून बोटांनी बघितल्या.
"कोरडा हाय रं."
"हिनं शिवलंय वरचं."
"वयनीला सांग, झ्याक केलं."
मग दारात उभा राहून वाजवलं. परतीच्या मार्चची धून. तो कॉटच्या कडेवर बोटांनी ताल देत होता, एकदाही चुकला नाही. अर्ध्यात माझा दम गेला. खोकला आवरेना. बोटं तशीच चालू होती त्याची. मग थांबली.
"ऱ्हाऊ दे. बस."
पाइप मांडीवर घेऊन बसलो.

२० जुलै
ताप. हिला किसनचा निरोप सांगितला तर तोंड फिरवलं, डोळे पुसले.
डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचं जुनं दुखणं उठलंय, आता फुंकायचं नाही. म्हटलं, किती दिवस? म्हणाले, वय काय तुमचं?

२ ऑगस्ट
ताप नाही. सुनेचा फोन. "मामंजी इचारत्यात, ऱ्हायलेलं वाजवणार कवा?" हिनंच माझ्या हातून फोन घेतला, "बघू गं बाई," म्हणाली.
दुपारी भाकरी थापताना, मान वर न करता, "मी येते संगं. न्हाई वाजवता आलं तर नुसतं त्यांच्यापाशी बसा."
ती पाण्याला गेल्यावर घरामागं जाऊन पाइपची पिशवी फुंकून पाहिली. भरली. पहिले सूर आले. पुढं फुंकावं की थांबावं...
पुढच्या दाराशी हंड्याचा आवाज झाला. तिनं ऐकलं की नाही, कळत नाही.