पडद्यावरची हसियत

मर्गिलान, २ सप्टेंबर १९२८

चि. हसियतला तुर्दीअकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई बरी आहे. यंदा रेशीम छान उतरलं. पण परवा बाजारातल्या भिंतीवर तुझं चित्र लागलं, तोंडावर जाळी नाही, केस मोकळे. नानवाला मला विचारतो, ही तुमचीच धाकटी ना? घरी साधा पुलाव करपवायचीस, आता तुला बघायला गाव तिकीट काढणार म्हणे! मी हसलो. काबिलकाका हसले नाहीत. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. चित्रपट गावात लागला तर पोरगी जिवंत ठेवणार नाही, असं त्यांनी मशिदीच्या अंगणात चारचौघांत सांगितलंय. खेळाबरोबर तूही येणार, असं भिंतीवर लिहिलंय. ते खोटं आहे, एवढं कळव.

तुझ्या काळजीतला भाऊ,
तुर्दी

ताश्कंद, ८ सप्टेंबर

ती. तुर्दीअकांस हसियतचा सलाम. वि. वि.

ते खोटं नाही. चोवीस तारखेला मी येतेय. आजवर आमच्या चित्रपटांत उझबेक बाईचं काम परमुलुखातल्या नट्याच करायच्या. पाळणा कसा हलवायचा हेसुद्धा त्यांना शिकवावं लागे. या चित्रपटात आपल्यातल्या दोघी उभ्या राहिलो, मी आणि नमंगानची ओयदीन. वसंतात ती माहेरी गेली आणि सख्ख्या भावाने तिला अंगणात भोसकलं. तिचं उरलेलं काम मी पुरं केलं. आता मीच लपून बसले तर ती कशासाठी गेली?

अका, जन्मभर काकांच्या चहाचा पेला हातात धरून उभे राहिलात. त्या दिवशी कुठे उभे राहणार, तेवढं सांगा. आईला सलाम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
हसियत

मर्गिलान, १५ सप्टेंबर

चि. हसियतला आशीर्वाद.

काकांनी काल बोलावून माझ्या हातात सुरा दिला. घराची अब्रू भावाच्याच हाताने धुवायची असते, म्हणाले. मी घेतला. नको म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला दिला असता.

येऊ नकोस, पोरी. येणारच असलीस तर आपल्या स्टेशनावर उतरू नकोस, तिथे त्यांची माणसं असतील. अलीकडच्या थांब्यावर उतर. मी गाडा घेऊन येईन, एकटा. कुणाला सांगू नकोस.

तुर्दी

ताश्कंद, २७ सप्टेंबर

ती. तुर्दीअकांस सलाम.

तुम्ही आहात ना? मला कुणी काही सांगत नाही. थांब्यावर तुम्ही एकटेच दिसलात तेव्हा पाय डब्यातून निघेना. ओयदीनलाही घ्यायला तिचा भाऊच आला होता. वाटभर तुम्ही बोलला नाहीत आणि मी तुमच्या कमरपट्ट्यावरची नजर काढली नाही. माफ करा.

खेळ ठेवला होता त्या सराईच्या खिडक्यांवर गालिचे ठोकून अंधार केला, खेळ सुरू झाला. तेवढ्यात दार आपटलं, काका ओरडत माझ्यावर धावले आणि तुम्ही मध्ये आलात. शिपायांनी मला ओढत नेऊन थेट रेल्वेत बसवलं. माझ्या बाहीवर रक्त आहे, ते माझं नाही. एक ओळ पाठवा, पण तुमच्या हातची.

हसियत

मर्गिलान, ४ ऑक्टोबर

चि. हसियतला अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. काकांच्या सुऱ्याचं पातं मी उजव्या हाताने धरलं. तीन बोटं वळत नाहीत, माग आता शेजारी चालवतो. काका कोठडीत आहेत. मला दिलेला सुरा मी तुला आणायला निघालो तेव्हाच कालव्यात टाकला होता. हे तुला वाटेतच सांगायला हवं होतं.

पुढचं तुला ठाऊक नाही. खेळ थांबला नाही, यंत्रवाला चाक फिरवतच राहिला. आईही आली होती, बायकांच्या बाजूला. घोड्याच्या केसांच्या जाळीतून पडद्यावरचं दिसेना, म्हणून अंधारात सगळ्या बायकांनी तोंडावरच्या जाळ्या वर केल्या होत्या. खेळ संपला, गालिचे काढले, ऊन आत आलं. बाकीच्यांनी भराभर जाळ्या खाली ओढल्या. आईने ओढली नाही. उघड्या तोंडाने माणसांतून वाट काढत माझ्यापाशी आली, ओढणी फाडून हात बांधला आणि तशीच भर बाजारातून मला घरी घेऊन निघाली. तिचा चेहरा गावाने कधी पाहिलाच नव्हता. चौकात एका म्हाताऱ्याने मला विचारलं, ही बाई कोण?

हसियतची आई, असं तिनेच सांगितलं.

इकडचा जीव तुझ्यात आहे, हे जाणून असावं.

तुझा अका,
तुर्दी