रश्श्याची पळी

चिंचवड, मंगळवार, १९७४

नारायण आचारीसुद्धा गेला. कंपनीत लागला. आम्ही हॉटेलात माणूस तयार करायचा आणि कंपनीने उचलायचा, हे किती दिवस चालायचं? सकाळी रागाच्या भरात त्याच्याशी धड बोललोही नाही. चुकलंच माझं.

जाताना त्याने रश्श्याची पळी गंगूबाईच्या हातात दिली. ज्या पळीला तो मलाही हात लावू देत नसे, ती भांडी घासणाऱ्या बाईला! मी म्हटलं, "बाई, मिसळीचा रस्सा आहे. शिफ्ट सुटली की झुंबड उडते. जमणार का?"

"शेठ, चार वर्सं त्याचं पातेलं मीच घासते. तळाला काय लागलं, काय करपलं, मला न्हाई कळणार व्हय?"

शिफ्ट सुटली. पहिल्याच टेबलावरून हाक आली, "रस्सा आणा राव अजून!" नारायणाची कोणी चौकशीही केली नाही.

चार वर्षं मी पातेलं चकचकीत आहे का, एवढंच बघत आलो. पळी आता तिच्याकडेच.

संध्याकाळी भांड्यांना कोणी नव्हतं. मीच बाह्या सरसावल्या. घासताना पहिल्यांदा तळ नीट पाहिला. कुठेच करपलं नव्हतं.