बिनदारांच्या घराचं मृत्युपत्र

मी, रोलंड ट्रॉम्बली, वय वर्षे एकाहत्तर, राज्याच्या तुरुंगातून निवृत्त झालेला रक्षक, राहणार मिल स्ट्रीट, कोल्टर फॉल्स, न्यूयॉर्क राज्याचं उत्तर टोक, हा कागद माझ्या राजीखुशीने करून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. मन ठिकाणावर आहे का, असं कायदा विचारत नाही हे बरं, कारण त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी बायको डोरीन हिला दिलं होतं आणि ती माझ्या आधी गेली.

आताच लिहिण्याचं कारण असं की माझं हृदय कुरकुर करू लागलं आहे. दुसरं आणि खरं कारण माझी एकुलती एक मुलगी रेनी. तिला टेकडीवरच्या त्याच तुरुंगात रक्षकाची नोकरी लागली असून दोन डिसेंबरला, सोमवारी, ती रुजू होणार आहे. ती तिने करू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम एक, घर. मिल स्ट्रीटवरचं राहतं घर, मागच्या कोठारासह, रेनीला मिळावं. अट एकच: तिने तुरुंगाची नोकरी धरू नये. धरलीच, तर घर माझा भाऊ आर्मंड याला जावं. आर्मंड मला आवडत नाही आणि तिलाही आवडत नाही, म्हणूनच त्याचं नाव घातलं आहे.

घर घेणाऱ्याने हे जाणून असावं की घराला आत एकही दार नाही. डोरीन गेल्यावर मी सगळी दारं बिजागऱ्यांवरून उतरवली आणि कोठारात भिंतीला टेकवून ठेवली. न्हाणीघराला पडदा आहे. आर्मंड एकदा पडद्याआडून ओरडला होता, "रोलंड, लेका, तुझ्या घरात माणसाने पोट तरी कुठे बिघडवून घ्यावं?" त्यानंतर तो फारसा आला नाही, हा एक फायदा झाला.

कलम दोन, बर्फ उडवायचं यंत्र. ते आर्मंडने एका हिवाळ्यापुरतं नेलं होतं. तेव्हापासून किती हिवाळे झाले ते तोही सांगणार नाही. ते त्यालाच दिलं, म्हणजे मेल्यावर तरी मला ते मागावं लागणार नाही.

कलम तीन. हरणाच्या शिकारीची बंदूक, करवती, छिन्न्या आणि जंगलातल्या झोपडीतला माझा वाटा ड्वाइट पेलेरिन याला. ड्वाइट माझ्याबरोबर एकाच बराकीवर होता. शिकारीला गेलो की आम्ही दोघं पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडे करून शेजारी-शेजारी जेवायचो. समोरासमोर कधी बसलो नाही. त्याच्या डोळ्यांचा रंग विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण माणूस चांगला आहे. त्याला साक्षीदार करायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या.

कलम चार. माझा गणवेश जाळावा. दफनाला तुरुंगातून कोणी रांगेत उभं राहायला येऊ नये. डोरीनच्या दफनाला मी रडलो नाही, हे गावाने पाहिलं आहे. पेटी खाली जात होती आणि मी कोणाचे हात खिशात आहेत तेवढं बघत होतो. लोक म्हणाले, रोलंड धीराचा. धीर वगैरे काही नव्हता, आत काही हललंच नाही.

इथे ओटिस वेनबद्दल लिहिलं पाहिजे, म्हणजे पुढचं समजेल. ओटिस आमच्या बराकीत झाडू मारणारा कैदी होता, तारुण्यात आत आला आणि पांढरे केस घेऊन सुटला. वर तुरुंगात कोणतंच दार कोणी हाताने उघडत नाही. दारासमोर उभं राहायचं, हात वर करायचा, मग काचेमागचा माणूस बटण दाबतो. कैद्याला तेच आणि रक्षकालाही तेच. ओटिस सुटला त्या दिवशी त्याला बाहेर सोडायला मी गेलो. भेटीगाठींच्या इमारतीचं शेवटचं दार साधं लाकडी होतं. त्यासमोर तो पिशवी घेऊन उभाच राहिला.

मी म्हणालो, "अरे ढकल की, बाबा! त्याला कुलूप नाही."

"साहेब, तुम्ही हसताय," तो म्हणाला, "पण तुम्हीपण माझ्यामागे थांबलातच की."

बराकीवर परत येऊन सांगितलं तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो. ड्वाइट अजून ही गोष्ट सांगतो.

कलम पाच. इथपर्यंत लिहून झालं होतं. रविवारी रेनी खिमा भरून भाजलेला पाई घेऊन आली आणि कागद ओट्यावर होता, तो तिने वाचला.

"डॅड, हे मृत्युपत्र आहे की शिक्षेचा हुकूम?"

"तू तिथे जाऊ नकोस, एवढंच आहे."

"मग कुठे जाऊ? मी होते तो चीजचा कारखाना बंद पडला. तुरुंगात नोकरीबरोबर विमा मिळतो. नाहीतर टेसच्या इन्शुलिनचे पैसे कोण देणार, आर्मंडकाका?"

टेस म्हणजे माझी नात. मी म्हणालो, "ती नोकरी माणसाला आतून बधिर करते."

"ते मला सांगतोस? मी बधिर माणसाच्या घरातच वाढलेय." मग तिने हातातला चमचा खाली ठेवला. "आई गेली तेव्हा ती आत तुलाच विचारत होती. रोलंड आला का, रोलंड आला का. दाराच्या काचेतून तू मला दिसत होतास. ती जाईपर्यंत तू बाहेर उभा राहिलास. मी तिला सोडून उठले नाही, आणि तू आत आला नाहीस. तुला यायचंच नव्हतं."

"दार उघडत नव्हतं."

"इस्पितळातलं साधं दार होतं ते, डॅड. कुलूपसुद्धा नव्हतं."

"ते आता माहीत आहे. तेव्हा मी हात वर करून उभा होतो."

तिने काचेतून माझा हात पाहिला होता. मी निरोपाचा हात केला असं तिला वाटलं होतं, आणि इतकी वर्षं ती तेच धरून बसली होती. मग ती रडली. मला रडू आलं नाही. पाई गार होतोय, असं माझ्या मनात आलं. ते इथे लिहितो, कारण खरं तेच आहे.

"म्हणून दारं काढलीस?" तिने विचारलं.

"हो."

डोळे पुसून ती उठली. "चल, एक तरी बसवू." कोठारातून आम्ही झोपायच्या खोलीचं दार आणलं. मी बिजागऱ्या बसवत होतो, ती दार धरून होती. "पुढच्या सोमवारी मी जाणार आहे, डॅड," ती म्हणाली. "घर आर्मंडकाकाला दे हवं तर." मी पुढचा स्क्रू मागितला.

दार बसल्यावर खटका लागतो का बघायला ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी बाहेर राहिलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "डॅड, उभा आहेस का?"

"आहे."

"ढकल की मग."

माझा हात वर गेलेला होता. जित्याची खोड. तो मी खाली आणला आणि दार ढकललं. आत डोरीनच्या पलंगावर तिची मुलगी बसली होती. तेव्हा मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तिने मला धरून बसवलं.

कलम सहा. कलम एकमधली अट मी स्वतः खोडली आहे. नवी प्रत टाईप करू, असं वकीलबाई म्हणाल्या. मी नको म्हणालो, खोडलेलं दिसू दे. जन्मभर मी लोकांना कुठलं दार त्यांचं आणि कुठलं नाही ते सांगत आलो. मुलीला तेच सांगणार नाही. घर रेनीचं, तिने नोकरी धरली तरी आणि सोडली तरी. आर्मंडने यंत्रावर समाधान मानावं.

कलम सात, आणि शेवटचं. दारं काढली हे माझं चुकलं. ही सवय मोडायला दारंच लागतात. कोठारातली उरलेली दारं मी असेपर्यंत मी बसवीन, राहिली तर रेनीने बसवावीत. कुलूप एकालाही लावू नये. रोज संध्याकाळी टेकडीवरून उतरून आल्यावर तिने घरातलं एक तरी बंद दार स्वतःच्या हाताने उघडावं, आणि टेस ज्या खोलीत असेल तिथून सुरुवात करावी. मी शेवटी ज्या खोलीत असेन तिचं दार बंद असलं, तर तिने बाहेर थांबू नये. हात वर करू नये. ढकलावं.

वरील मजकूर मी वाचला, खाडाखोड माझीच आहे.

सही: रोलंड ट्रॉम्बली

आमच्यासमोर सही झाली, खोडलेल्या जागी आम्हीही आद्याक्षरं घातली:
१. आयडा लॅशवे, शेजारीण
२. जेराल्ड फोर्ब्ज, न्हावी, मेन स्ट्रीट

ठिकाण: कोल्टर फॉल्स, मिल स्ट्रीटवरचं घर, स्वयंपाकघर (दार बसवायचं आहे)
तारीख: २६ नोव्हेंबर २०१९, मंगळवार