तळ्याकाठचा बाक

रविवार, ९ जून, सकाळी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आई वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत चालत गेली हे वाचून फार बरं वाटलं. तिला कुशीवर वळवलंस की दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवत जा. उताणी असेल तेव्हा उशी पोटऱ्यांखाली, टाचांखाली नको. टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत.

आमची प्रात्यक्षिकं सध्या एका वृद्धाश्रमात चालू आहेत. तिथे प्रत्येक खाटेपाशी तक्ता असतो. दर दोन तासांनी कोणत्या कुशीवर वळवलं ते लिहायचं आणि सही करायची. परवा आमच्या शिक्षिकेने माझा तक्ता सगळ्या वर्गाला दाखवला. वीस वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवून इतक्या लांब पुन्हा शिकायला आलेली मी, शाबासकी मिळाल्यावर पहिलीतल्या मुलीसारखी लाजले.

तू लिहिलंस, "फोन उचलत नाहीस आणि पानंच्या पानं पत्रं पाठवतेस, हे काय नवीन थेर? आणि सुट्टीत येणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळव. आई रोज विचारते आणि मी रोज नवी थाप मारते." दोन्हीची उत्तरं देते. पण आधी कालच्या सहलीचं सांगते.

म्हणजे टाळतेच आहे. तरी तिथूनच सुरुवात करावी लागेल.

दर शनिवारी साडेनऊला माझ्या घरमालकीणबाई गाडीत बसून एकदाच हॉर्न वाजवतात. तूच त्यांना 'गाडीवाली म्हातारी' म्हणतेस. वय ऐंशी. गाडी इतकी सावकाश चालवतात की सायकलवाले वळून बघतात. पाऊण तासावर एक तळं आहे. नगरपालिकेकडे अर्ज केला की गेलेल्या माणसाच्या नावाची पितळी पाटी तळ्याकाठच्या बाकाला लावून देतात. तशी बाईंच्या यजमानांची एक आहे. बाई रुमालाने ती पुसतात, थर्मासमधली कॉफी ओततात आणि आम्ही पाण्याकडे बघत बसतो. पहिल्या शनिवारी मी भिडेपोटी म्हणाले, "किती छान जागा आहे." तेव्हापासून चौतीस शनिवार झाले. आधीच्या पत्रांत तुला लिहिलेला किल्ला, तो आठवडी बाजार, ती बोटीची गंमत, सगळं याच रस्त्यावरचं, गाडीच्या काचेतून पाहिलेलं.

ही खोली बघायला आले तेव्हा बाई वैतागलेल्या होत्या. आधीची विद्यार्थिनी वडील आजारी म्हणून अर्ध्यातच सोडून गेली होती. दारातच त्यांनी विचारलं, "घरी आईवडील?"

मी म्हणाले, "नाहीत."

त्या दिवशीच्या डायरीत 'खोली मिळाली. खिडकी पूर्वेला.' एवढंच आहे. ते एक वाक्य, बाबांपुरतंच खरं असलेलं, मी डायरीतही लिहिलं नाही. खोली हातची जाऊ नये म्हणून बोलले, अशी इतके महिने मनाची समजूत घातली. पण त्याच गल्लीत आणखी दोन खोल्या रिकाम्या होत्या. खरं असं की 'आई आहे' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तिच्याकडे कोण बघतं? मी निघायच्या तीन आठवडे आधी ती पडली, मांडीचं हाड मोडलं. "तू जा, मी आहे ना," तू म्हणालीस आणि मी गेले. दुसऱ्यांदा विचार करायची संधीसुद्धा तुला दिली नाही.

मग ते एक 'नाहीत' या घरात माझ्याबरोबर राहायला आलं. भिंती पातळ आहेत. तुझा फोन आला की मागून आईचा आवाज, "मला दे गं, मला दे!" आणि मी फोन बंद करते. एकदा वॉशिंग मशीन लावून त्याच्या घरघरीआड बोलले, तर आईने विचारलं, "तुझ्या घरावर विमान उतरतंय का?" सुट्टीत घरी जाते असं बाईंना सांगावं तर कोणाकडे जाते म्हणून सांगू? त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या सुट्टीचा सबंध महिना हिरव्या पेन्सिलीने रंगवून ठेवलाय. "नाहीतरी तुला कोण आहे? मला सोबत होईल."

काल बाकापाशी गेलो तर यजमानांच्या पाटीखाली दुसरी पाटी, नवीकोरी. आईचं नाव, बाबांच्या नावासकट, पूर्ण. हिवाळ्यात त्यांनी एकदा तिचं नाव विचारलं होतं तेव्हा मीच कागदावर लिहून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "तुझी माणसं इतक्या लांब. तुलाही बसायला जागा हवी ना?" आणि रुमाल माझ्या हातात दिला.

ताई, मी ती पुसली. चारी कोपरे नीट पुसले. रागावू नकोस. आई म्हणेलच, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, आणि तुला चहा टाकायला लावेल. पण मला तिथे बसवेना. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "माझी आई आहे. अंथरुणातून आत्ता कुठे उठतेय. बहीण सगळं करते."

बाई ओरडतील, सामान उचल म्हणतील, असं वाटलं. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग एवढंच म्हणाल्या, "आई आहे. आणि तू इथे माझ्याबरोबर काय करते आहेस?"

चौतीस शनिवार ज्याला चुकवलं, तो प्रश्न हाच.

आज अजून त्यांच्या खोलीचं दार उघडलेलं नाही. पाटी काढायचा अर्ज मलाच करायचा आहे. त्यात 'दिवंगत व्यक्तीशी नाते' असा एक रकाना आहे आणि त्याखाली 'काढण्याचे कारण'. दोन्ही कोरे ठेवून हे पत्र लिहायला बसले.

तर उत्तर : हो. बावीस तारखेला निघते. परत येईन तेव्हा ही खोली असेल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस, असं लिहिणार होते. पण तिच्यापासून लपवायचं कामही तुझ्याच गळ्यात कशाला घालू? तुला वाटेल तसं कर. तोवर तिने काही विचारलं, तर थाप मारू नकोस.

जिची आई हयात आहे अशी,
तुझी धाकटी