शेजारी बसण्याचा परवाना

एडिसन, रविवार, २४ एप्रिल २००५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. परवान्याचा फॉर्म भरून आत्ताच बाजूला ठेवला.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. हॉटेलचे काम नेहमीसारखेच. तुझे गुडघे कसे आहेत?

माझे अमेरिकन घरमालक रे, मी त्यांना रेकाका म्हणतो, शनिवारी मला शेजारच्या राज्यात टर्कीच्या शिकारीला नेणार आहेत. टर्की म्हणजे मोरापेक्षा बुटका, टकला रानपक्षी. घाबरू नकोस, बंदूक तेच धरणार. मी शेजारी बसून एक लाकडी डबी घासायची, तिच्यातून मादीसारखा आवाज निघतो आणि नर जवळ येतो. हे काम त्यांचा मुलगा डॅनी करायचा. तो फेब्रुवारीत वारला.

नियमांचे पुस्तक मी दोनदा वाचले. डबी वाजवणाऱ्यालाही परवाना लागतो, बाहेरच्या राज्यातल्याला तो महाग पडतो, आणि टर्कीचे परमिट वेगळे. त्याआधी शिकारीची परीक्षा. मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. शाळेत इतके कधी पडले नव्हते.

काका म्हणाले होते, "डॅनीने यंदाचा परवाना काढून ठेवला होता. तोच खिशात घाल, कोण बघतंय?"

"काका, दुसऱ्याच्या नावावर पकडलो गेलो तर माझा व्हिसा जाईल."

 ते परवाना परत ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले, "तर मग तुझा काढ. मी एकटा नाही जाणार."

बाबा गेले त्या दिवशी मला रजा मिळाली नाही, मी पोळ्या लाटत होतो. अजून रडू आलेले नाही. शनिवारी निदान कुणाच्या तरी शेजारी बसेन.

तुझा,
नंदू

ता. क. परवाना शंभर डॉलर, परमिट वीस. ऐंशी माझे, चाळीस काकांकडून उसने घेतले. बाबांच्या वर्षश्राद्धाचे पैसे वेगळ्या पाकिटात आहेत, त्यांना हात लावलेला नाही.