फ्रीजर क्रमांक चार बंद न केल्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत, पहिला मजला

विषय : पहारेकरी काकांना दिलेला मेमो मागे घेणेबाबत.
संदर्भ : १) सुट्टीत सर्व विद्युत उपकरणे बंद ठेवण्याचे आपले परिपत्रक. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (शंकांसह परत).

महोदय,

१. अर्जदार प्रयोगशाळा सहायक असून गेली तीन वर्षे माणसाच्या मेंदूतील डोपामाइन या निरोप्या रसायनाचा ग्राही (ते रसायन धरून घेणारे प्रथिन) शुद्ध करीत आहे. हा ग्राही पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो. त्याला बाहेरच्या बाजूने एक खाच असते. डोपामाइन त्या खाचेत बसले की ग्राही जरासा हलतो, आत निरोप पोहोचतो आणि माणसाचा हात कपापर्यंत नीट जातो. हे सर्व कोणत्याही टिपणीविना क्षणात उरकते, हे आदरपूर्वक नमूद. अर्जदाराच्या आईस कंपवात आहे. तिची गोळी याच खाचेत बसते. ती कशी बसते हे दिसले तर याहून बरी गोळी करता येईल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

२. पेशीबाहेर काढलेला ग्राही उणे ऐंशी अंशांवर न ठेवल्यास त्याची घडी मोडते व खाचच उरत नाही. सबब चारही फ्रीजर चालू ठेवण्याची परवानगी मागितली असता आपण ग्राहीचा आकार विचारला. केसाच्या जाडीत पंधरा हजार मावतील, असे कळविले. त्यावर 'इतक्या लहान वस्तूस चार फ्रीजर कशाला, उपाहारगृहातील फ्रीजमध्ये ठेवावी' असा शेरा आला. पुढे डोपामाइन खाचेत कायम असते की हंगामी, अशी पृच्छा झाली. येते, काम करते, निघून जाते, असे कळविताच 'ते नसेल तेव्हा फ्रीजर बंद ठेवण्यास हरकत नसावी' असा निर्णय झाला. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला.

३. मागील चार दिवसांच्या सुट्टीत काकांनी परिपत्रकानुसार तीन फ्रीजर बंद केले. चौथ्यावर अर्जदाराची चिठ्ठी होती. (बाकीच्या तिन्हींसाठी चिकटपट्टीचे मागणीपत्र आपल्याकडे प्रलंबित आहे.) काकांचा लेखी खुलासा असा : "ताईंनी लिहिलं होतं, यात आईच्या गोळीचं काम आहे. माझा हात बटणाकडं गेलाच नाही." तीन फ्रीजरमधल्या कामाचे पाणी झाले. चौथ्यातील सहा नळ्या वाचल्या. त्यांतील चार वापरून गोळी खाचेत बसलेली प्रथमच स्पष्ट दिसली.

४. सूचनाफलकावर सध्या दोन कागद शेजारी शेजारी आहेत. 'प्रशासनाच्या काटेकोर नियोजनामुळे मिळालेल्या यशाबद्दल अभिनंदन' हा एक, आणि 'आपणास सेवेतून का काढू नये' हा काकांचा मेमो दुसरा. दोन्हींवर सही आपलीच आहे. काकांच्या निवृत्तीस तीन महिने उरले आहेत. काल ते म्हणाले, "ताई, आता मी नियमानंच वागणार." अर्जदारास त्यांचा राग आला नाही. आपल्या कार्यालयाचा मात्र फार आला.

५. परवापासून पुन्हा तीन दिवस सुट्टी आहे आणि नळ्या दोनच उरल्या आहेत. तरी त्यापूर्वी मेमो मागे घ्यावा. ते शक्य नसल्यास अभिनंदनाचा कागद तरी काढावा, ही विनंती.

आपल्या शेऱ्याच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
(प्रयोगशाळा सहायक)

दिनांक : सुट्टीच्या दोन दिवस आधी

सोबत :
१) मेमोची प्रत.
२) खाचेत बसलेल्या गोळीचे चित्र.
३) फ्रीजर क्रमांक चारवरील चिठ्ठी, काकांनी आज सकाळी स्वतः काढून आणून दिलेली.